शेवटच्या टिंबानंतर काय आहे?

तात्या दुकानात शिरले तेव्हा लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आजारी कोंबडी डॉक्टरकडं न्यावी तसा. त्यांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. पट्ट्या, बिलबुकं, लेटरहेड असलं सगळं छापायला ते वर्षानुवर्षं माझ्याकडं येतात. माझं दुकान विश्रामबागेत आहे. झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाईन फॉर्म, सगळं एकाच खोलीत.

"पोरी, हे बिल उघडंना झालंय. चार येळा दाबलं."

"चार वेळा?"

"मग? एकदा दाबून काय झालं न्हाई म्हणून परत दाबलं."

डेस्कटॉपवर फाईल समोरच होती. पीडीएफचं ओळखीचं लाल चिन्ह, आणि खाली नाव, 'ऑक्टोबर बिल डॉट पीडीएफ'. बाहेरगावच्या एका खरेदीदाराच्या नावानं ईमेल आली होती, तिच्यासोबत एक झिप फाईल, आणि झिपचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. खरं सांगते, पहिल्या नजरेला मलाही काही खटकलं नाही. मीही पाचव्यांदा दाबणारच होते. मग शेजारच्या फायलींकडं लक्ष गेलं. तात्यांच्या डेस्कटॉपवर पाच-सहा पीडीएफ पडलेल्या होत्या, सगळ्यांना तेच लाल चिन्ह, पण एकीच्याही नावात 'डॉट पीडीएफ' दिसत नव्हतं. नुसतंच 'मार्च पट्टी', 'भाडेकरार', 'जीएसटी दाखला'. ही एकटीच आडनाव लावून मिरवत होती.

सेटिंगमध्ये जाऊन मी एक खूण केली आणि सगळ्या फायलींची नावं एका क्षणात लांब झाली. 'मार्च पट्टी'ची झाली 'मार्च पट्टी डॉट पीडीएफ'. आणि तात्यांचं बिल झालं 'ऑक्टोबर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'.

ते बिल नव्हतंच. तो एक प्रोग्रॅम होता, आणि तात्यांनी तो चार वेळा चालवला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी वायफाय बंद केलं. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून न बदलता तात्यांच्या मुलाच्या फोनवरून बदलले, बँकेला फोन केला. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकावी लागली. हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून निभावलं. पैसे गेले नाहीत. पण तात्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात राहिला. "एवढं जर नाव महत्त्वाचं आहे, तर ते लपवलंय कुणी?"

लपवलंय विंडोजनं. तेही आपल्या सोयीसाठी म्हणून.

फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी दोन-चार अक्षरं येतात त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. आमच्या दुकानात आम्ही 'शेपूट' म्हणतो, कारण फॉर्म भरायला आलेल्या पोरांना एक्स्टेन्शन म्हटलं की रस्त्यापलीकडं ओढायची वायर आठवते. जेपीजी, पीडीएफ, डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, एमपीथ्री ही सगळी शेपटं. फाईलच्या आत खरं तर नुसते आकडे असतात. फोटो असो, गाणं असो, पत्र असो, डिस्कवर ते शून्य-एकाच्या रांगांतच पडलेलं असतं. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा विंडोज आत डोकावत बसत नाही. ती शेपूट बघते, आपल्या यादीत शोधते, 'पीडीएफ म्हणजे अमुक प्रोग्रॅम' असं सापडलं की फाईल त्या प्रोग्रॅमच्या हातात देऊन मोकळी होते.

तात्यांना मी यार्डाच्या भाषेत सांगितलं. शेपूट म्हणजे पोत्याला शिवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर 'हळद' लिहिलं असेल तर हमाल पोतं हळदीच्या थप्पीला लावतो, 'ज्वारी' लिहिलं तर ज्वारीच्या. हमाल पोतं फोडून बघत नाही, ते त्याचं काम नाही. चिठ्ठी बदलली म्हणून आतली ज्वारी पिवळी होत नाही, पण पोतं जाईल मात्र हळदीच्याच थप्पीला.

आणि यादीत एक जात वेगळी आहे. ईएक्सई शेपटाची फाईल कुठल्याच प्रोग्रॅमच्या हातात द्यायची नसते, कारण ती स्वतःच प्रोग्रॅम असते. तिच्यावर डबल क्लिक करणं म्हणजे तिला 'ये आत, आणि कामाला लाग' म्हणणं.

ही शेपटं आली कुठून, हेही बघण्यासारखं आहे. १९७४ च्या सुमाराला गॅरी किल्डाल नावाच्या अमेरिकन माणसानं छोट्या कॉम्प्युटरसाठी सीपी/एम नावाची यंत्रणा बनवली. तीत फाईलच्या नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग प्रकार सांगायला तीन अक्षरं असा हिशेब होता. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस ही विंडोजच्या आधीची यंत्रणा आली, तिनं तोच हिशेब उचलला. आठ आणि तीन, बास. 'सांगलीहळदबिल' असं नाव द्यायची सोयच नव्हती. जेपीईजीचं जेपीजी झालं आणि एचटीएमएलचं एचटीएम झालं, ते या तीनच्या मर्यादेमुळं. आज ती मर्यादा नाही, पण जेपीजी तसंच राहिलं. 'गोरे' आडनावाच्या सावळ्या माणसाला जसं कुणी का म्हणून विचारत नाही, तसंच.

त्या काळात शेपूट लपवायचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, त्यात नाव आणि शेपूट दोन्ही दिसायची. मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आली. तिनं दोन गोष्टी एकदमच केल्या. लांब नावं चालू केली, २५५ अक्षरांपर्यंत. आणि ओळखीच्या प्रकारांची शेपटं लपवायला सुरुवात केली. ॲपलच्या मॅकमध्ये तेव्हा शेपटाची गरजच नसायची, फाईलचा प्रकार तिथं नावाबाहेर वेगळा नोंदवलेला असे, त्यामुळं नावं कशी स्वच्छ दिसायची. विंडोजच्या फायली मात्र शेपटावरच चालत राहिल्या. शेपूट कापलं नाही, फक्त धोतरात खोचलं.

लपवण्यामागं कारण अगदीच वेडेपणाचं नव्हतं, हे मान्य करायला हवं. नवखा माणूस नाव बदलताना शेपूटही खोडून टाकतो, मग विंडोजला फाईल कुणाकडं द्यायची कळत नाही आणि माणूस ओरडतो की माझी फाईल गेली. ती गेलेली नसते, नुसती चिठ्ठी फाटलेली असते. पण हे टाळायला त्यांनी चिठ्ठीच झाकली, आणि तीस वर्षं झाली तरी तीच सवय चालू आहे. नवीकोरी विंडोज ११ घेतली तरी शेपटं झाकलेलीच येतात.

आता यातली खरी गोम. शेपूट दिसत नसेल तर तुम्ही फाईल कशावरून ओळखता? चिन्हावरून. लाल चिन्ह म्हणजे पीडीएफ, निळं म्हणजे वर्ड, हिरवं म्हणजे एक्सेल. पीडीएफ किंवा वर्डच्या फाईलला चिन्ह देते ती विंडोज, शेपूट बघून. पण ईएक्सई फाईल आपलं चिन्ह स्वतःबरोबर आणते. प्रत्येक प्रोग्रॅमला आपलं वेगळं चिन्ह असावं म्हणून ती सोय केलेली आहे. म्हणजे चोर जर ईएक्सई बनवत असेल तर तिच्यात पीडीएफचं लाल चिन्ह घालायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि नावात त्यानं 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' लिहिलं की विंडोज आज्ञाधारकपणे शेवटचं ईएक्सई झाकते. उरतं काय, तर 'बिल डॉट पीडीएफ' हे नाव आणि लाल चिन्ह. वेष चोराचा, आणि वेषाची गुंडी लावून दिली विंडोजनं.

या गुंडीचा सगळ्यात गाजलेला फायदा उठवला गेला ४ मे २००० रोजी. फिलिपिन्समधून एक ईमेल निघाली, विषय 'आय लव्ह यू'. सोबतच्या फाईलचं पूर्ण नाव होतं 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. व्हीबीएस म्हणजे मात्र चालणारा प्रोग्रॅम, आणि नेमकं तेच झाकलेलं. लोकांना दिसलं साधं प्रेमपत्र. उघडलं की तो किडा आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅममधल्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र पाठवायचा, आणि कॉम्प्युटरमधले जेपीजी फोटो पुसून त्या जागी स्वतःच्या प्रती ठेवायचा. दोन-चार दिवसांत लाखो मशीनवर पसरला. ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. ज्यानं लिहिला त्याच्यावर खटला उभा राहिला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असल्या गुन्ह्याला कायदाच नव्हता. पुढच्याच वर्षी एका टेनिस खेळाडूच्या फोटोच्या नावानं 'डॉट जेपीजी डॉट व्हीबीएस' आली, तीही चालली. म्हणजे तात्यांना फसवणारी युक्ती पंचवीस वर्षं जुनी आहे. जुनी आहे म्हणून ती निवृत्त झालेली नाही.

शेपूट दाखवायचं कसं, ते आता. एक मिनिटाचं काम आहे.

विंडोज ११ असेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ई एकदम दाबा, फाईल एक्सप्लोरर उघडेल. वरच्या पट्टीत 'व्ह्यू' आहे, त्यावर क्लिक केलं की यादी पडते. यादीत सगळ्यात खाली 'शो', त्यावर गेलं की बाजूला आणखी एक यादी उघडते. तिथं 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करायची. झालं. काही बंद करून परत चालू करायची गरज नाही.

विंडोज १० मध्ये आणखी सोपं. तसंच फाईल एक्सप्लोरर उघडा, वर 'व्ह्यू'वर क्लिक करा, उजवीकडं 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'ची चौकट समोरच दिसते. टिक करा. (विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.)

विंडोज ७ अजून आमच्याकडं निम्म्या अडतीत आणि बहुतेक प्रेसमध्ये चालू आहे, म्हणून तेही सांगते. कुठलंही फोल्डर उघडून ऑल्ट दाबा, वर मेनू येईल. 'टूल्स', त्यात 'फोल्डर ऑप्शन्स', त्यात 'व्ह्यू'. लांबलचक यादीत 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाईल टाइप्स' अशी ओळ आहे. इथं जरा सांभाळा, कारण इथं उलटं आहे. ही ओळ 'लपवा' म्हणते, तेव्हा इथली टिक काढायची. नव्या विंडोजमध्ये लावायची, जुन्यात काढायची. माझ्याकडं एक जण दोन्ही आठवणीनं करून आला होता. नव्यात काढली, जुन्यात लावली, आणि परत होतं तिथंच.

मॅक असेल तर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड', तिथं 'शो ऑल फाईलनेम एक्स्टेन्शन्स'.

ही खूण प्रत्येक लॉगिनला वेगळी असते. घरात बाबांचं एक आणि मुलांचं एक असं खातं असेल तर दोन्हीकडं करावी लागते.

त्या 'नोन फाईल टाइप्स'मधल्या 'नोन' शब्दानं एक गंमत होते. विंडोज फक्त ओळखीच्या प्रकारांची शेपटं लपवते. आमच्याकडं छपाईच्या सीडीआर फायली येतात, कोरलड्रॉ नावाच्या डिझाईनच्या प्रोग्रॅमच्या. ज्या मशीनवर कोरलड्रॉ नाही तिथं 'लग्नपत्रिका डॉट सीडीआर' असं पूर्ण नाव दिसतं. कोरलड्रॉ टाकलं की तीच फाईल 'लग्नपत्रिका' होते. गिऱ्हाईक विचारतं, नाव कुणी बदललं? कुणीच नाही. ओळख झाली म्हणून आडनाव गाळलं.

टिक केल्यावर पहिले दोन दिवस डेस्कटॉप जरा गजबजल्यासारखा वाटतो. वाटू दे. नेहमीच्या कामाची दहा-बारा शेपटंच असतात, ती पाठ होऊन जातात. ज्यांच्याकडं डोळे वटारून बघायचं ती वेगळी. ईएक्सई, एमएसआय, बीएटी, सीएमडी, व्हीबीएस, जेएस, एचटीए आणि एससीआर ही सगळी चालणारी पोतडी. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, ऐकायला गरीब वाटतं, पण आतून ती ईएक्सईच असते. प्रोग्रॅम तुम्ही स्वतः शोधून, बनवणाऱ्याच्या साईटवरून उतरवला असेल तर ईएक्सईत वावगं काहीच नाही. पण बिल, नोटीस, फोटो, ऑर्डर म्हणून कुणी पाठवलेली फाईल यातल्या शेपटाची निघाली तर ती बिल नाही, एवढं नक्की. बिलाला चालायचं काही कारण नसतं.

वर्ड-एक्सेलमध्ये एक अक्षर सांभाळायचं. डीओसीएक्स आणि एक्सएलएसएक्स या साध्या फायली. शेवटी एक्सऐवजी एम असेल, म्हणजे डीओसीएम किंवा एक्सएलएसएम, तर त्यात मॅक्रो असू शकतात, म्हणजे कागदात लपलेला छोटा प्रोग्रॅम. इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली आहे. पण जुन्या डीओसी आणि एक्सएलएस शेपटांत मॅक्रो आहेत की नाहीत हे शेपटावरून कळत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांत ती शेपटं अजून भरपूर फिरतात. म्हणून फाईल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल कन्टेन्ट' म्हणाली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करायचा.

आता चिठ्ठी आणि माल यांतला फरक, कारण माझ्या दुकानातली निम्मी भांडणं त्यावरच होतात.

भरतीचा फॉर्म भरायचा असतो, शेवटची तारीख आजची असते, आणि साईट म्हणते फोटो जेपीजी हवा. पोरगं फोटो घेऊन येतं, तो जेएफआयएफ असतो. ब्राउझरमधून फोटो सेव्ह करताना काही विंडोज मशीनवर असं शेपूट लागतं. साईट घेत नाही. मी शेपूट खोडून जेपीजी करते, साईट घेते. पोरगं म्हणतं, "ताई, एवढंच होतं व्हय?" मग दुसरं पोरगं आयफोन घेऊन येतं, त्याचा फोटो एचईआयसी. पहिल्याचं बघून त्यानं घरीच शेपूट खोडून जेपीजी केलेलं असतं, आणि साईट घेत नाही. का? जेएफआयएफ आणि जेपीजी हा आतून एकच माल आहे, दोन चिठ्ठ्यांचा. एचईआयसी हा मालच वेगळा. २०१७ पासून आयफोन फोटो त्या पद्धतीनं दाबून ठेवतो. चिठ्ठी बदलून तो जेपीजी होत नाही, तो फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करून जेपीजी करावा लागतो. ज्वारी दळायलाच लागते, पोत्यावर 'पीठ' लिहून भागत नाही.

आतला माल ओळखायची खूण बहुतेक फायलींत पहिल्या काही अक्षरांतच असते, आणि सावध साईट तीच तपासते. यार्डात पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर नमुना काढतात तसं. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते. ईएक्सईची सुरुवात 'एम झेड' या दोन अक्षरांनी. ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरच्या नावाची आद्याक्षरं. झिपची सुरुवात 'पी के'नं, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावावरून. जगात रोज उघडल्या जाणाऱ्या असंख्य फायलींवर या दोघांची सही आहे आणि कुणाला पत्ता नाही.

विश्वास बसत नसेल तर एक उद्योग करून बघा, शेपूट दिसायला लागल्यावरच तो जमतो. एखाद्या वर्ड फाईलची प्रत काढा, मूळ फाईलला हात लावू नका. प्रतीचं शेपूट डीओसीएक्स खोडून झेडआयपी करा. विंडोज विचारेल, शेपूट बदललं तर फाईल निकामी होईल, बदलायचं का? हो म्हणा. आता डबल क्लिक केलं की वर्ड उघडत नाही, फोल्डर उघडतं. आत मजकुराची वेगळी फाईल, चित्रांचं वेगळं फोल्डर. २००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाईल ही आतून झिपच आहे. गिऱ्हाईकानं वर्डमध्ये चिकटवून आणलेले फोटो मी असेच मूळ रूपात काढून घेते. परत शेपूट डीओसीएक्स केलं की वर्ड काही झालंच नाही असं उघडतं.

नाव बदलताना भीती बाळगायचं कारण नाही. एफ टू दाबलं की विंडोज टिंबाच्या आधीचाच भाग निवडते, शेपूट सोडून. तेवढंच टाईप करायचं. उलट शेपूट लपलेलं असतानाच घोळ जास्त होतो. माणूस फॉर्मच्या सूचना वाचून 'फोटो डॉट जेपीजी' असं नाव देतो, पाठीमागं खरं जेपीजी आधीच असतं, आणि फाईल होते 'फोटो डॉट जेपीजी डॉट जेपीजी'. काही साईट नावात दोन टिंबं बघून फोटो परत करतात आणि कारण सांगत नाहीत. रात्री पावणेबाराला मी हे तीनदा तरी निस्तरलंय.

'माझ्या सगळ्याच पीडीएफ वर्डमध्ये उघडायला लागल्या' ही तक्रारही यातलीच. कधीतरी फाईलवर राईट क्लिक करून 'ओपन विथ' मध्ये चुकून वर्ड निवडून 'नेहमी' म्हटलेलं असतं, म्हणजे विंडोजच्या यादीत पीडीएफपुढं वर्डचं नाव चढलं. फायलींना काही झालेलं नसतं. तिथंच जाऊन योग्य प्रोग्रॅम निवडायचा आणि पुन्हा 'नेहमी' म्हणायचं.

शेपूट दिसायला लागलं म्हणजे सगळं दिसायला लागलं असंही नाही. शॉर्टकट फायलींचं शेपूट एलएनके असतं, आणि वरची टिक केली तरी विंडोज ते दाखवत नाही. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा बाण हीच त्याची खूण. झिपमधून 'बिल' म्हणून बाणवालं चिन्ह निघालं तर दाबायचं नाही. दुसरी युक्ती, 'बिल डॉट पीडीएफ'नंतर साठ-सत्तर रिकाम्या जागा आणि मग डॉट ईएक्सई. नाव इतकं लांब की शेवट खिडकीबाहेर जातो. तिसरी फारच बेरकी. अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडं लिहितात, त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक न दिसणारं अक्षर आहे, जे पुढची अक्षरं उलटी मांडतं. ते नावाच्या मध्ये घातलं की खरं शेपूट मध्ये कुठंतरी दिसतं आणि शेवटी खोटं पीडीएफ झळकतं. या तिन्हींवर एकच उतारा माझ्याकडं आहे. फोल्डरमध्ये 'व्ह्यू'त जाऊन 'डिटेल्स' निवडा. नावापुढं 'टाईप'चा रकाना येतो. तिथं विंडोज स्वतः काय समजते ते लिहिलेलं असतं. नाव काहीही नाचो, टाईपमध्ये 'ॲप्लिकेशन' किंवा 'शॉर्टकट' असेल तर तो कागद नव्हे.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, काही अजून आहेत. जमिनीत खोल खड्डे, वरून बघणाऱ्याला नुसती माती. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली हवा बाहेर पडू देत. तात्यांच्या वडलांची तिथं पेवं होती. "बापानं कधी न बघता पाय टाकला न्हाई," तात्या म्हणाले, "आणि मी चार येळा टाकला."

फोनवरचं एक शेपूट सांगायलाच हवं, कारण आता चोर लॅपटॉपपेक्षा तिथं जास्त येतो. एपीके. अँड्रॉइडच्या ॲपची फाईल. विंडोजमध्ये जे ईएक्सई तेच इथं एपीके. व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, पीएम किसानची यादी म्हणून एपीके फिरतात. व्हॉट्सॲप शेपूट लपवत नाही, फाईलच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. पण आपण वाचतो ते 'लग्नपत्रिका', पुढचं वाचतच नाही. त्यावर बोट ठेवून 'इन्स्टॉल' केलं की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळतो. पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. पत्रिका जेपीजी असते, पीडीएफ असते, फार झालं तर व्हिडिओ. मी स्वतः आजवर छापलेल्या पत्रिकांच्या सॉफ्ट कॉपी या तीनच शेपटांत दिल्या आहेत. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन करायचा, नातेवाइकांना विचारत बसायचं नाही.

परवा तात्यांचा फोन आला.

"पोरी, बिल आलंय. वाचून दाखवतो. नोव्हेंबर, बास."

"पुढं?"

"पुढं काय न्हाई."

"टाईपच्या रकान्यात काय म्हणतंय?"

जरा वेळ काहीच नाही. मग पाठीमागं नातवाशी काहीतरी खडाजंगी ऐकू आली.

"अगं, ह्यानं टिक काढून टाकलीती. म्हणं, आजोबा, घाण दिसतंय. थांब, लावतो परत."

मी थांबले. माऊसची टकटक ऐकू येत होती. मग तात्या एकेक अक्षर दाबून वाचायला लागले, "नोव्हेंबर... टिंब... पीडीएफ... हां, पुढं खरंच काय न्हाई. उघडू?"

"टाईप?"

"पीडीएफ डॉक्युमेंट."

"उघडा."

"थांब, पाठवणाऱ्याला आधी फोन लावतो," म्हणाले, आणि माझा फोन ठेवून दिला.